तोफेतला विस्तव

१

आग लागली की माणसं बोंब मारतात. आग विझली म्हणून कुणी बोंब मारल्याचं दाजींनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली, त्यातली निम्मी तर जळक्या गोदामांत राख चिवडण्यात. कुणी लावली, कशाने लावली, की आपली आपणच लागली, एवढंच त्यांना आयुष्यभर विचारलं गेलं. त्यामुळे सकाळी सकाळी मेव्हण्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "दाजी, आमची आग विझलीय. कोणी विझवली ते तुम्ही शोधून द्या," तेव्हा याला ताप भरलाय असंच त्यांना वाटलं.

"अरे, विझली तर सुटलास! देवाचे आभार मान आणि झोप."

"थट्टा नको दाजी. तोफेतली आग विझलीय."

तोफ म्हणजे काय ते दाजींना ठाऊक होतं. मेव्हणा तेल संशोधनाच्या प्रयोगशाळेचा संचालक, आणि जेवायला आला की तोफेशिवाय दुसरा विषय नाही. माणसाहून उंच अशी पोलादी नळी. आत ठासून भरलेली वाळू, आणि वाळूत मुरलेलं डांबरासारखं घट्ट तेल. जमिनीच्या पोटात ते असंच अडकून बसलेलं असतं, पंप लावा नाहीतर डोकं आपटा, वर येत नाही. मग करायचं काय, तर खालीच थोडं तेल पेटवून द्यायचं आणि मागून हवा सोडत राहायची. आग हळूहळू पुढे सरकते, तिच्या धगीने पुढचं तेल पातळ होतं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. थोडं जाळायचं, बाकीचं पदरात पाडून घ्यायचं. खऱ्या जमिनीत हा उद्योग करण्याआधी तोफेत करून बघायचा, यासाठी ही प्रयोगशाळा.

"काल संध्याकाळी विझली," मेव्हणा सांगत होता. "अर्ध्या वाटेत. हवा बरोबर, हिटर बरोबर, कशात म्हणून खोट नाही. आणि ते तेल शेवटचं होतं हो. ती विहीर कधीच बुजवली. पुन्हा पेटवायला थेंब नाही."

"पहाऱ्यावर कोण होतं?"

"आमची ठिणगी. तिचाच प्रयोग. आज दुपारी कमिटी बसतेय. एक तर ती झोपली, नाहीतर तिनेच काहीतरी केलं, असं त्यांचं मत झालंय. बाहेरच्या माणसाकडून चौकशी करा म्हणाले, ती झाली की तिला काढणार." तो जरा थांबला. "तुम्ही या. आणि दाजी, जरा सांभाळून घ्या."

पोरीबद्दल याला कणव आहे, असं दाजींना वाटलं आणि मेव्हण्याविषयी बरं वाटलं. बूट चढवताना बायकोने आतून विचारलं, "काय म्हणतोय माझा भाऊ?"

"त्याच्याकडे आग विझलीय."

"मग येताना त्याला घेऊन या जेवायला. फक्त त्याला स्वयंपाकघरात शिरू देऊ नका. मागे गॅसची टाकी बदलून दिली न् माझी अख्खी साबणाची वडी त्या नटाला फासून गेला. फेस काढ काढ काढला. म्हणे गळती बघतोय! वर मलाच हळदीचा डबा कुठे ठेवतेस म्हणून शिकवून गेला."

२

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोफ पेटवायचं काम तिचं, आणि डोकंही तसंच, म्हणून सगळे तसं म्हणत. दाजींना वाटलं होतं पोरगी रडत बसली असेल. ती तोफेसमोर स्टूल टाकून बसली होती आणि रागाने नुसती फणफणली होती.

"विचारा, मी झोपले होते का. सगळ्यांनी विचारलंय."

"झोपली होतीस?"

"नाही!"

"डुलकी?"

"दाजी, मी शिकले ती या एका प्रयोगासाठी. घरी कुणाचं आजारपण बघितलं नाही, बहिणीच्या लग्नात धड दोन दिवस राहिले नाही. पाळण्यात लेकरू ठेवून कोणी डुलकी काढतं का?" तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. "आज मला काढलं ना, तर पुन्हा कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. पहाऱ्यावर झोपणारी म्हणून ओळखतील मला. जन्मभर."

दाजींनी दुसरं स्टूल ओढलं. "तुला कळलं कसं, विझली ते?"

तिने नळीवर बोट फिरवलं. नळीत ठरावीक अंतरांवर तापमान सांगणाऱ्या तारा खोचलेल्या होत्या. आग ज्या तारेपाशी येते तिचा आकडा चढतो, ती पुढे गेली की उतरतो, मग पुढच्या तारेचा चढतो. "दोन तारांच्या मधे असली की थोडा वेळ सगळेच आकडे जरा उतरलेले दिसतात. नेहमीचंच आहे. मला वाटलं, मधे आहे, येईल पुढच्या तारेवर. मी वाट बघत बसले. ती आलीच नाही."

"हवा?"

"मीटरचा काटा जागचा हलला नाही. जितकी हवी तितकी जात होती. मागच्या खोलीतल्या टाक्यांमधून येते, ती इथून अशी आत शिरते."

"आणि धूर?"

"धुराच्या दोन यंत्रांपैकी एक दुरुस्तीला गेलंय. दुसरं ऑक्सिजन दाखवतं. ते मी सारखं बघत होते. शून्य. अगदी मी हवा बंद केली तोपर्यंत शून्य. म्हणून तर निश्चिंत होते ना!"

"शून्य म्हणजे चांगलं?"

"उत्तम! आग आत गेलेला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते, बाहेर काही उरत नाही. शून्य दिसलं की आमचा जीव थंड. संचालक सर आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

दाजी उठले. दारापर्यंत गेले, आणि तिथे चौकटीला हात लावून उभे राहिले. हयात आगीत गेलेल्या माणसाला आगीचं कुठलंही गणित शेवटी चुलीपाशी आणून बघायची खोड असते.

"पोरी, एक सांग. चूल विझली आणि तू फुंकतच राहिलीस, तर तुझी फुंकर जाते कुठे?"

"कुठे म्हणजे? चुलीतून आरपार पलीकडे..." ती बोलता बोलता थांबली, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

३

"यायला हवा होता," ती पुटपुटली. "आग मेल्यावर ऑक्सिजन खायला आत होतं कोण? सगळाच्या सगळा बाहेर यायला हवा होता. आकडा चढायला हवा होता!"

"आणि चढला नाही. म्हणजे?"

"म्हणजे आत गेलाच नाही." तिने कपाळावर हात मारून घेतला. "पण काटा तर..."

"काटा वारा मोजतो बाई. कसला वारा, ते तो थोडाच सांगणार? आग आधी विझली आणि मग ऑक्सिजन उरला, असं झालेलं नाही. ऑक्सिजन आधी गेला आणि मग आग विझली. तुमच्याकडे असा दुसरा कुठला वारा आहे, आग मारणारा?"

"नायट्रोजन. तोफ पेटवण्याआधी नळी धुवून काढायला लागतो. वासही नाही, रंगही नाही." तिला आता हुंदका यायला लागला होता, पण तो रागाचा की सुटकेचा, हे तिलाही कळत नसावं. "आणि मी त्या शून्याकडे बघून खूश होत होते! काल रात्री सरांनी बघितलं, आमच्या वाफवाल्या बाईंनी बघितलं, कुणालाच कसं सुचलं नाही?"

दाजींना यात नवल वाटलं नाही. ज्या शून्याला वर्षानुवर्षं शाबासकी दिली, त्याच्यावर संशय कोण घेणार?

"आत्ता कुणाला काही बोलू नकोस," ते म्हणाले आणि मागच्या खोलीकडे वळले.

खोली लांबट होती. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी. भिंतीला साखळीने बांधलेल्या टाक्या सगळ्या एकाच उंचीच्या, सगळ्या काळ्या. गळ्याशी रंगाचा एक पट्टा, तेवढाच काय तो फरक. मिस्त्री फडक्याने हात पुसत उभा होता. नळीत वाळू ठासण्यापासून टाक्या आणण्यापर्यंतचं सगळं अवजड काम त्याच्याकडे.

"दाराकडच्या हवेच्या, खिडकीकडच्या नायट्रोजनच्या," त्याने दाखवलं. "आधी उलट होत्या. खिडकीतून यायची अडचण म्हणून ठिणगीताईंनी मागच्या महिन्यात अदलाबदल केली. नेहमी लागते ती हवा दाराशी. मीटिंग घेऊन सगळ्यांना सांगितलं, मला तर दोनदा बजावलं. जसा काही मी बहिरा!"

"तुमचं आणि तिचं पटत नाही म्हणतात."

"सूनही माझ्यावर ओरडते साहेब, म्हणून मी तिचा स्वयंपाक नासवतो का?"

दाजी हसले आणि तोफेला जोडलेल्या हवेच्या टाकीपाशी वाकले. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वरच्या टोकाला टेकला होता. टाकी जवळजवळ भरलेली.

"ही कधी लावली?"

"म्हणजे काल दुपारी लावलेली असणार. मी निघालो तेव्हा आधीची तळाला चालली होती. बदलताना शेजारची छोटी टाकी वारा तोलून धरते, त्यामुळे तिकडे काट्याला कळतही नाही."

"दुपारपासून संध्याकाळपर्यंत तोफेला हवा हिने पुरवली, आणि ही अजून भरलेली?"

मिस्त्रीने गेज बघितला. मग खिडकीकडची पहिली टाकी बघितली, तिला गेज लावला, आणि त्याचा चेहरा पडला. "ही मीच परवा भरलेली आणून ठेवली होती. आता चांगलीच उतरलीय." तो मागे सरकला. "साहेब, आईशपथ, मी नाही. मी होतोच कुठे? नातीला दवाखान्यात न्यायचं होतं, लवकर गेलो. टाकी बदलावी लागेल हे सांगून गेलो होतो."

"कुणाला?"

"सांगितलं होतं."

"अहो, पण कुणाला?"

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते. "गरिबाने कुणाचं नाव घ्यावं साहेब? पोटावर पाय यायचा."

दाजींनी फार ताणलं नाही. ते पुन्हा त्या भरलेल्या टाकीपाशी वाकले. जिथे नळी टाकीला नटाने आवळली होती, तिथे पांढरट पापुद्रा धरला होता. त्यांनी नखाने खरवडला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

"मिस्त्री, टाकी लावल्यावर गळती कशी बघता?"

"यंत्र आहे ना. गळत असलं की शिट्टी मारतं. आम्हा सगळ्यांना त्याचंच शिक्षण. का हो?"

दाजींच्या बोटांना साबणाचा वास येत होता, आणि त्यांना उगाचच घरची आठवण झाली. अजून एक माणूस उरला होता. तो भेटेपर्यंत त्यांना मनात कुणाचंच नाव आणायचं नव्हतं.

४

वाफवाल्या बाई प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत ज्येष्ठ. तेल आगीने नव्हे, वाफेने काढावं, या मताच्या. तोफ नापास झाली तर पुढचं सगळं काम त्यांच्या वाफेकडे जाणार, हे दारावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत होतं. शिवाय काल दुपारी त्यांना मागच्या खोलीतून बाहेर पडताना दोघातिघांनी पाहिलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय आहे ना? असायलाच हवा. मी असते तर मीही माझ्यावरच घेतला असता."

"काल तिकडे कशाला गेला होता?"

बाईंनी दार लावलं, कपाट उघडलं आणि पुस्तकांच्या मागून चॉकलेटची चपटी पेटी काढली. "मला साखरेचा आजार आहे. माझी मुलगी इथेच वरच्या मजल्यावर काम करते, डॉक्टरांपेक्षा कडक आहे. इथे खाल्लं तर वासाने पकडते. टाक्यांच्या खोलीत कुणी येत नाही, म्हणून तिथे जाऊन दोन तुकडे तोंडात टाकते. लिहून घेणार असाल तर आधी मला मारा."

दाजींना हसू आवरेना. "आणि तोफेची आग?"

"हे बघा, त्या पोरीची आग मला विझवायची असती ना, तर मी भर सभेत वाद घालून विझवली असती. वर्षानुवर्षं तेच करतेय. चोरून काही करण्यात मजा काय?" एकदम त्या गंभीर झाल्या. "पोरगी हुशार आहे. मला पटत नाही ते सगळं ती इतकं चांगलं करते की माझी झोप उडते. तिला घालवली तर मी भांडायचं कुणाशी?"

"टाक्यांची अदलाबदल तुम्हाला माहीत होती?"

"मला नायट्रोजन रोज लागतो हो. माहीत नसून कसं चालेल? त्या मीटिंगला सगळे होतो. म्हणजे, तुमचे मेव्हणे होते पण फोनवर बोलत होते. ते नेहमीच फोनवर बोलत असतात."

"हं." दाजींचा हात गुडघ्यावरच थांबला. "काल तुम्ही त्या खोलीत किती वेळ होता?"

"खाऊन कुठे झालं? दुसरा तुकडा तोंडात घातला आणि पावलं वाजली. तुमचे मेव्हणे तेल कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन येत होते. मोठ्याने चाललं होतं, 'आम्ही या खोलीत घडलो, आमच्या वेळी सगळं स्वतःच्या हाताने...' म्हटलं, आता अर्धा तास जुन्या दिवसांचं पुराण चालणार. मी तशीच गिळून बाहेर पडले."

दाजींनी आभार मानले. व्हरांड्यात आले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी थांबले. बेसिनवरची साबणाची वडी अर्धी झिजून पातळ झाली होती. त्यांनी ती उचलली, हुंगली, तोच वास आला, आणि जागेवर ठेवली. जळक्या गोदामांत त्यांनी पुष्कळ नको ती नावं शोधून काढली होती. त्यातलं एकही त्यांच्या बायकोच्या माहेरचं नव्हतं.

५

केबिनमध्ये मेव्हणा खिडकीकडे तोंड करून उभा होता. कमिटी यायला थोडा अवकाश होता.

"सापडलं काही?"

"बस."

"नाही सापडलं तर तसं लिहून द्या दाजी. कारण कळलं नाही, एवढंच. मग ते तिला ताकीद देऊन सोडतील कदाचित."

"बस म्हटलं ना."

मेव्हणा बसला. दाजी शांतपणे बोलू लागले. जावयाचा मान त्या घरात त्यांनी कधी आवाज चढवून मिळवलेला नव्हता.

"काल दुपारी मिस्त्रीने जाता जाता कुणाला तरी सांगितलं, टाकी तळाला चाललीय, बदलावी लागेल. तो कुणाचं नाव घ्यायला धजत नाही, तेव्हा तो माणूस त्याच्याहून मोठा. तो माणूस म्हणाला असेल, मी बघतो. पाहुणे बरोबर होते. त्यांच्यापुढे पाना हातात घ्यायची हौस आली. आम्ही हाताने काम करणारे, बघा! बोलता बोलता हात खिडकीकडे गेला, कारण त्याच्या उमेदीच्या काळात हवेची टाकी तिथेच असायची. स्वयंपाकघरात साखरेचा डबा हलवला की चहात मीठ पडतं, तसं झालं. इथे रोज वावरणाऱ्या कुणाच्याही हातून हे झालं नसतं. मिस्त्रीच्या नाही, बाईंच्या नाही, आणि ठिणगीच्या तर नाहीच, अदलाबदल तिनेच केलेली."

मेव्हण्याने टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला.

"संध्याकाळी आग गेली. पोरगी घाबरली. तू पहिला मागच्या खोलीत गेलास, आणि पट्टा बघितल्यावर तुला कळलं. तू नायट्रोजन काढलास, हवेची लावलीस, बाहेर येऊन म्हणालास, हवा व्यवस्थित आहे. हो ना?"

"हे तुम्ही... हे कुणीही केलं असू शकेल."

"नटाला साबण लावलास रे," दाजी म्हणाले. "इथे सगळे शिट्टीचं यंत्र लावतात. साबणाचा फेस काढून गळती बघणारा मला जगात एकच माणूस माहीत आहे. तुझी ताई आज सकाळीच त्याच्या नावाने बोटं मोडत होती."

मग मेव्हण्याने पेपरवेट खाली ठेवला. "लपवताना घाईत होतो. तरी लावला बघा. हात ऐकत नाही."

"मला कशाला बोलावलंस?"

"कमिटीने बाहेरचा माणूस मागितला. मला वाटलं..."

"तुला वाटलं, घरचा माणूस आहे, पांघरूण घालेल." दाजींना आता खरंच दुखलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "माझ्या नोकरीत मला पैसे द्यायला आलेले लोक मी जिन्यावरून खाली हाकललेत. तू नातं द्यायला आलास."

"मी काय करू दाजी? ज्या माणसाने ही प्रयोगशाळा उभी केली त्यालाच टाकी ओळखता आली नाही, हे पाहुण्यांना कळलं तर हसतील सगळे. मला वाटलं होतं, तिला दोन शब्द ऐकवतील आणि विषय संपेल. ती तरुण आहे, तिला दुसरीकडे लागेल..."

"पहाऱ्यावर झोपणारी म्हणून? कुठे लागेल? तूच सांग."

व्हरांड्यात पावलं वाजायला लागली, खुर्च्या सरकल्या. कमिटी आली होती.

"तुम्ही सांगणार आहात?" त्याने विचारलं. एवढा मोठा संचालक, पण आवाज शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखा निघाला.

"आधी तू बोल. तू नाही बोललास तर मी बोलेन. आणि मग घरी जाऊन तुझ्या ताईलाही मलाच सांगावं लागेल. तेवढं तरी माझ्यावर आणू नकोस."

६

कमिटीचे अध्यक्ष सभ्य आणि सावकाश बोलणारे गृहस्थ होते. सगळे तोफेभोवतीच उभे राहिले, कारण ठिणगीने तशी मागणी केली होती. तोफ आडवी करून मिस्त्रीने तिच्या लांबीच्या जोडाचे नट सैल करून ठेवले होते. एकदा उघडली की हा प्रयोग कायमचा संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"उघडा," ठिणगी म्हणाली. "विझली कशी ते वाळू सांगेल. मला काढायचं असेल तर ते बघून काढा."

मिस्त्रीने नळीचा वरचा अर्धा भाग उचलला. वाफवाल्या बाईंच्या तोंडून नकळत "अगं बाई!" निघालं.

पेटवलेल्या टोकाकडून अर्ध्या वाटेपर्यंत वाळू स्वच्छ, फिकी, जशी कधी तेलाला शिवलीच नव्हती. मग एका रेषेत काळा, कडक कोळसा. त्याच्यापुढे चकाकत साचलेलं पातळ तेल, आणि शेवटी जशीच्या तशी घट्ट, मळकट वाळू. एकीचं दुसरीत मिसळणं कुठेच नाही.

"आग उपासमारीने हळूहळू मेली असती तर हे सगळं कालवलं गेलं असतं," ठिणगी म्हणाली. "ही चालता चालता जागच्या जागी थांबवलीय. हवेच्या जागी नायट्रोजन आला, म्हणून. मी तो सोडलेला नाही. कोणी सोडला, मला माहीत नाही."

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "पहाऱ्यावर तुम्हीच होतात. दुसऱ्या कुणाचं नाव पुढे येत नाही, तोवर आम्हाला..." ते दाजींकडे वळले. "तुमची चौकशी काय म्हणते?"

दाजींनी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा वाळूकडे बघत होता. दाजींनी घसा खाकरला. ठिणगीने तोफेची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"सांगतो," दाजी म्हणाले. "काल दुपारी..."

"काल दुपारी टाकी मी बदलली," मेव्हणा म्हणाला. "चुकीची लावली. संध्याकाळी कळलं, तेव्हा परत बदलून ठेवली आणि गप्प बसलो. या मुलीचा यात काहीही दोष नाही. ती जागी होती. मीच..."

मिस्त्रीने मान खाली घातली, पण त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दाजींना दिसलं. अध्यक्षांनी दोन मिनिटं सहकाऱ्यांशी कुजबुज केली आणि सांगितलं, हिच्यावरचा ठपका याच क्षणी काढला आहे, ती इथेच काम करेल, आणि संचालकांचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत बघू. मग ते उपकार केल्यासारखं हसले. ठिणगी हसली नाही.

"सर," ती मेव्हण्यापुढे जाऊन उभी राहिली. "टाकी चुकली असती तर मला चाललं असतं. माझ्या हातून काय कमी चुका झाल्यात? पण काल रात्री मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही मला पाणी दिलंत, आणि म्हणालात, होतं असं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी आईला फोन करून सांगितलं की मला डुलकी लागली असेल. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता सर. त्याचं काय करू?"

दाजींना वाटलं, आपण काहीतरी मध्ये बोलावं, पण राख चिवडून जे हाती लागतं ते लागल्यावर तपासनीसाने बोलायचं नसतं.

वाफवाल्या बाई मात्र तोफेवर वाकल्या होत्या. "अगं ठिणगे, इकडे बघ जरा. आग पेटती असताना आत काय असतं ते आजवर कुणी बघितलंय का? सगळे शेवटपर्यंत जाळतात आणि मग उरलेली राख बघतात. ही तर भर चालीत पकडली गेलीय. हे मला हवं होतं, आणि तुझ्या नशिबी आलं, मेली!"

ठिणगीने डोळे पुसले आणि वाकून बघितलं. तिने काळ्या रेषेपाशी बोट नेलं, थांबली, पुन्हा बघितलं. दाजींच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा बदलला. राग गेला नाही, पण त्याला बाजूला बसवून तिथे दुसरं कुणीतरी कामाला लागलं.

"मिस्त्रीकाका, बाटल्या आणा. ही रेष सुकायच्या आत नमुने घ्यायचे. बाई, तुम्ही पलीकडून धरा." मग ती मेव्हण्याकडे वळली. "सर, हा प्रयोग मी छापणार आहे. माझ्या नावाने."

"तुझाच आहे."

"तुमचंही नाव येईल. आग कशी थांबवली ते लिहावं लागेल. कुठल्या टाकीने, कधी, आणि ती कशी काय लागली तेही. सगळं. नाहीतर दुसऱ्या कुणाला हा प्रयोग पुन्हा करता येणार नाही."

कमिटीचे लोक निघता निघता दारात थबकले. मेव्हण्याने एकदा दाजींकडे बघितलं, दाजींनी मदतीला यायचं टाळलं. मग त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाह्या वर केल्या.

"लिही," तो म्हणाला. "दुपारचे किती वाजले होते ते मी सांगतो."